क्रौंच पक्ष्यांमधील परजीवी रोग

क्रौंच पक्ष्यांमधील परजीवी रोग म्हणजे क्रौंच कुलातील (ग्रुइडी) पक्ष्यांच्या आतड्यात, रक्तात, फुप्फुसांत किंवा पिसांत राहणाऱ्या परजीवींमुळे उद्भवणारे विकार होत. आदिजीव (प्रोटोझोआ), कृमी आणि उवा-माश्यांसारखे बाह्य परजीवी असे या परजीवींचे तीन ठळक गट आहेत. त्यांपैकी आयमेरिया या आदिजीवामुळे होणारा सर्वांगी कॉक्सिडिओसिस हा क्रौंचांचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला परजीवी रोग आहे. कोंबड्यांतील कॉक्सिडिओसिस सामान्यतः आतड्यापुरता मर्यादित राहतो. क्रौंचांमध्ये मात्र हा परजीवी आतडे ओलांडून यकृत, प्लीहा, फुप्फुसे आणि हृदयापर्यंत पोहोचतो. प्रौढ पक्षी बहुधा तो सहन करतात, पिल्ले मात्र दगावू शकतात.

जगात क्रौंचांच्या 15 जाती असून त्यांतील बहुसंख्य जाती कमी-अधिक प्रमाणात संकटात आहेत. महाराष्ट्रात सारस हा निवासी क्रौंच आहे, तर कांड्या करकोचा आणि सामान्य क्रौंच हे हिवाळी पाहुणे आहेत. परजीवी रोगांचा प्रश्न या पक्ष्यांच्या अधिवासाच्या प्रश्नाशी निगडित आहे, कारण पाणथळ जागा आटल्या की पक्षी उरलेल्या थोड्या जागी दाटीने उतरतात आणि परजीवींचा प्रसार सोपा होतो.

नावांविषयी

मराठीत ‘करकोचा’ हे नाव सैल अर्थाने वापरले जाते. पांढरा करकोचा किंवा काळा करकोचा हे पक्षी बलाक कुलातील (सिकोनिइडी) असून त्यांचा क्रौंचांशी जवळचा संबंध नाही. कांड्या करकोचा (ग्रस व्हर्गो) हा मात्र नावाने करकोचा असला तरी खरा क्रौंच आहे. या लेखात ‘क्रौंच’ हा शब्द संपूर्ण कुलासाठी वापरला असून ‘सामान्य क्रौंच’ हे नाव ग्रस ग्रस या जातीसाठी आहे. सारसाचे शास्त्रीय नाव ॲंटिगोनी ॲंटिगोनी असे असून जुन्या ग्रंथांत ते ग्रस ॲंटिगोनी असे आढळते.

कॉक्सिडिओसिस हा रोग कुक्कुटपालकांमध्ये ‘रक्ती हगवण’ किंवा नुसते ‘कॉक्सी’ म्हणून परिचित आहे. क्रौंचांमधील रोगात रक्ती हगवण हे प्रमुख लक्षण नसते. त्यामुळे येथे ‘कॉक्सिडिओसिस’ हीच संज्ञा ठेवली आहे.

परजीवी आणि रोग

परजीवी आढळणे आणि रोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रानात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या अंगावर किंवा शरीरात काही ना काही परजीवी असतात. यजमान आणि परजीवी हजारो पिढ्या एकत्र राहिलेले असल्यामुळे त्यांच्यात एक प्रकारचा समतोल साधलेला असतो. यजमान लवकर मेला तर परजीवीचाही आसरा जातो, म्हणून सौम्य संसर्ग हीच सर्वसाधारण स्थिती असते.

हा समतोल प्रामुख्याने तीन कारणांनी ढळतो. पहिले कारण वय होय. ज्या पिल्लांना पूर्वी संसर्ग झालेला नसतो त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. दुसरे कारण मात्रा होय. एकाच वेळी फार मोठ्या संख्येने परजीवी पोटात गेले तर सुदृढ पक्षीही आजारी पडतो. तिसरे कारण ताण होय. उपासमार, लांबचे स्थलांतर, जखम, विषबाधा किंवा दुसरा एखादा आजार यांमुळे पक्ष्याची शक्ती आधीच खचलेली असते. यांपैकी दुसरे आणि तिसरे कारण मानवी हस्तक्षेपामुळे बळावते.

सर्वांगी कॉक्सिडिओसिस

कारक जीव

आयमेरिया ग्रुइस आणि आयमेरिया रायखेनोवी या दोन जाती क्रौंचांमध्ये विशेषत्वाने आढळतात. दोहोंचे वर्णन याकिमॉफ आणि मॅचुल्स्की या रशियन संशोधकांनी 1935 मध्ये केले. पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या जाड कवचाच्या पुटीला ऊसिस्ट म्हणतात. आयमेरिया ग्रुइसचा ऊसिस्ट नासपतीच्या आकाराचा, तर आयमेरिया रायखेनोवीचा जवळजवळ गोल असतो. त्यांचा आकार एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असल्याने ते केवळ सूक्ष्मदर्शकातूनच दिसतात.

आयमेरिया प्रजातीतील परजीवी यजमानाबाबत काटेकोर असतात. कोंबडीतील आयमेरिया क्रौंचाला बाधत नाही आणि क्रौंचातील कोंबडीला बाधत नाही. क्रौंच कुलाच्या आत मात्र एकाच जातीचा आयमेरिया निरनिराळ्या क्रौंचांना संसर्ग करू शकतो. जनुकीय अभ्यासांतही क्रौंचांमधील आयमेरिया कोंबड्यांमधील आयमेरियापासून वेगळ्या शाखेत येतात.

जीवनचक्र

ताज्या विष्ठेतील ऊसिस्ट लगेच संसर्गक्षम नसतो. ओलावा, प्राणवायू आणि सौम्य उष्णता मिळाल्यावर त्याच्या आत चार लहान पुटी आणि प्रत्येक पुटीत दोन बीजाणुज असे एकूण आठ बीजाणुज तयार होतात. ही क्रिया अनुकूल हवामानात साधारणतः काही दिवसांत पुरी होते. असा पक्व ऊसिस्ट चिखल, पाणी, दाणे किंवा किड्यांबरोबर पक्ष्याच्या पोटात गेला की कवच फुटते आणि बीजाणुज आतड्याच्या पेशींत शिरतात.

ऊसिस्टचे कवच अत्यंत चिवट असते. नेहमीच्या जंतुनाशकांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ओल्या, सावलीच्या मातीत तो महिनोन्महिने टिकू शकतो. कडक ऊन आणि कोरडेपणा यांपुढे मात्र तो फार काळ तग धरत नाही. म्हणून तळ्याचा चिखलट काठ, जिथे पक्षी रात्री उभे राहतात आणि पहाटे चरतातही, हे प्रसाराचे मुख्य ठिकाण ठरते.

शरीरातील प्रसार

कोंबडीत आयमेरियाचे बहुविभाजन आतड्याच्या अस्तरातच होते. क्रौंचात काही बीजाणुज भक्षक पेशींच्या (मॅक्रोफेज) आत शिरून रक्त आणि लसिकेवाटे शरीरभर पसरतात. जंतूंना गिळून नष्ट करणे हे भक्षक पेशीचे काम आहे, पण येथे तीच परजीवीचे वाहन बनते. यकृत, प्लीहा, फुप्फुसे, हृदय, अन्ननलिका आणि तोंडाच्या अस्तरात परजीवीचे विभाजन होत राहते आणि त्याभोवती दाहक पेशी जमून पांढरट किंवा करड्या गाठी तयार होतात. या गाठींना कणिकागुल्म म्हणतात. त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या ते काही मिलिमीटरच्या असतात.

लैंगिक अवस्था मुख्यतः आतड्यात पुरी होऊन ऊसिस्ट विष्ठेतून बाहेर पडतात. काही पक्ष्यांच्या श्वासनलिकेत आणि फुप्फुसांतही ऊसिस्ट सापडले आहेत. आयमेरिया गटात ही असाधारण बाब आहे.

लक्षणे

प्रौढ क्रौंचात बहुधा कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही. तोंडात किंवा घशात लहान गाठी आढळल्या तरी पक्षी खातो-पितो आणि उडतो. पिल्लांमध्ये मात्र सुस्ती, अशक्तपणा, वजन घटणे, पातळ विष्ठा आणि धाप लागणे ही लक्षणे दिसू शकतात. काही पिल्ले कोणतेही लक्षण न दाखवता अचानक मरतात. शवविच्छेदनात फुप्फुसदाह, यकृतदाह, आतड्याचा दाह, हृदयस्नायूचा दाह आणि प्लीहेची वाढ आढळते.

निदान

जिवंत पक्ष्यात विष्ठेची तपासणी हा मुख्य मार्ग आहे. विष्ठा साखरेच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणात मिसळून फिरवली की हलके ऊसिस्ट वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. जाती ओळखण्यासाठी नमुना पोटॅशियम डायक्रोमेटच्या सौम्य द्रावणात ठेवून ऊसिस्ट पक्व होऊ देतात. परजीवीच्या जनुकांची चाचणी अधिक संवेदनशील असते.

ऊसिस्ट रोज सारख्या संख्येने पडत नाहीत. त्यामुळे एका नमुन्यात ते न सापडणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे. उलट ऊसिस्ट सापडले म्हणजे पक्षी त्याच रोगाने मेला असेही ठरत नाही. मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी इंद्रियांचे सूक्ष्म छेद तपासावे लागतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास या गाठी पक्ष्यांमधील क्षयरोगाच्या गाठींसारख्या दिसतात आणि दोहोंची गल्लत होऊ शकते.

संशोधनाचा इतिहास

या रोगाची ओळख अमेरिकेतील व्हूपिंग क्रौंचाच्या संवर्धनाच्या प्रयत्नांतून झाली. शिकार आणि पाणथळ जागांचा नाश यांमुळे 1941 च्या सुमारास या जातीचे विसाच्या आसपास पक्षी उरले होते. पुढे मेरिलँड राज्यातील पॅटक्सेंट वन्यजीव संशोधन केंद्रात त्यांचे बंदिस्त प्रजनन सुरू झाले. संख्येने अधिक असलेले सँडहिल क्रौंचही तेथे अभ्यासासाठी पाळले जात.

1979 मध्ये कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी सँडहिल क्रौंचांमध्ये शरीरभर पसरलेल्या गाठींची नोंद प्रसिद्ध केली. त्या वेळी गाठींमधील आदिजीवाची ओळख पटलेली नव्हती. 1980 मध्ये कार्पेंटर, स्प्रेकर आणि नोव्हिला यांनी व्हूपिंग क्रौंचांमधील सर्वांगी कॉक्सिडिओसिसचे वर्णन केले, आणि 1981 मध्ये आतड्याबाहेर होणारी वाढ आयमेरियाचीच असल्याचे मांडले गेले. 1984 पर्यंत सँडहिल क्रौंचांमधील रोगाचे सविस्तर वर्णनही उपलब्ध झाले. अशा रीतीने पाच-सहा वर्षांत एका अनोळखी गाठीचे रूपांतर नाव, कारण आणि जीवनचक्र ज्ञात असलेल्या रोगात झाले.

ज्या केंद्रात जात वाचवण्यासाठी पक्षी एकत्र ठेवले गेले, तेथेच हा रोग ठळकपणे दिसून आला, ही बाब नंतरच्या संवर्धन कार्यक्रमांसाठी बोधप्रद ठरली. एकाच कुंपणात पिढ्यान्‌पिढ्या पक्षी ठेवल्यास मातीत ऊसिस्ट साचत जातात आणि नवे पिल्लू जन्मतःच मोठ्या मात्रेला सामोरे जाते.

रानटी पक्ष्यांतील आढळ

रोग फक्त पिंजऱ्यातला नाही हे लवकरच स्पष्ट झाले. 1986 मध्ये पार्कर आणि डुझिन्स्की यांनी न्यू मेक्सिकोत हिवाळा घालवणाऱ्या सँडहिल क्रौंचांमधील कॉक्सिडिओसिसची नोंद केली. फ्लोरिडातील रानटी सँडहिल क्रौंचांतही गाठी आढळल्या. 2005 मध्ये दक्षिण कोरियातील एका रानटी पांढऱ्या मानेच्या क्रौंचात सर्वांगी कॉक्सिडिओसिस आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जपानमधील क्रौंचांच्या विष्ठेतही आयमेरियाच्या जाती सापडल्या आहेत.

टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावरील अरान्सास राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान हे व्हूपिंग क्रौंचांच्या मूळ रानटी थव्याचे हिवाळी ठिकाण आहे. तेथे 2012 ते 2014 या दोन हिवाळ्यांत गोळा केलेल्या 328 विष्ठा-नमुन्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांत आयमेरियाचे ऊसिस्ट आढळले. बहुतेक नमुन्यांत त्यांची संख्या मात्र अत्यल्प होती. या ठिकाणी प्रत्येक जोडी किंवा कुटुंब आपापले क्षेत्र राखून पांगलेले असते. संसर्ग असूनही तो सौम्य राहण्याशी या पांगलेपणाचा संबंध असावा. परंतु थवा वाढत असताना किनारी वसाहतींमुळे अधिवास आक्रसत आहे. त्यामुळे पुढे दाटी वाढल्यास चित्र बदलू शकते, असा इशारा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दिला.

दाटी आणि अधिवास

क्रौंचांमधील परजीवी रोगाचे गणित मुख्यतः दाटीचे आहे. ठरावीक क्षेत्रात पक्षी दुप्पट झाले की तेथे पडणारी विष्ठा दुप्पट होते आणि तीतून ऊसिस्ट पोटात जाण्याची शक्यताही वाढते. पक्षी रोज त्याच जागी परतत असतील तर माती स्वच्छ होण्यास अवधी मिळत नाही.

जपानच्या कागोशिमा प्रांतातील इझुमी हे दाटीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. हूडेड क्रौंचांची जगातील बहुतांश संख्या हिवाळ्यात तेथील भातशेतांत एकवटते आणि त्यांना दाणे घातले जातात. या देखभालीमुळे जात वाचली, पण एखादी साथ आल्यास जवळजवळ संपूर्ण जात एकाच वेळी धोक्यात येईल ही चिंताही उभी राहिली. राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावात ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या कांड्या करकोच्यांना दाणे घालत आले आहेत आणि तेथे हजारोंच्या संख्येने पक्षी उतरतात. लोकश्रद्धेने पक्षी राखल्याचे हे उत्तम उदाहरण आहे. 2025 मध्ये खीचनचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. अशा जागी चुग्गाघर कोरडे राखणे, दाणे टाकण्याची जागा आळीपाळीने बदलणे आणि मृत पक्षी त्वरित तपासणीस पाठवणे यांना विशेष महत्त्व असते.

दाटीमुळे केवळ परजीवीच नव्हे तर विषाणूही पसरतात. नोव्हेंबर 2021 मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा परिसरात कांड्या करकोचे बर्ड फ्लूने मेले. त्याच हिवाळ्यात इस्रायलच्या हुला खोऱ्यात हजारो सामान्य क्रौंच याच रोगाला बळी पडले. हे मृत्यू परजीवीजन्य नव्हते. थव्यात एकाएकी मोठ्या संख्येने पक्षी मरू लागले तर विषाणू, जिवाणूंचे विष किंवा कीटकनाशक यांचा संशय आधी घ्यावा लागतो. परजीवी रोग बहुधा संथपणे, एकेक पिल्लू किंवा एकेक अशक्त पक्षी टिपत जातो आणि म्हणूनच तो सहज नजरेआड होतो.

इतर परजीवी

रक्तातील आदिजीव

हिमोप्रोटियस, ल्युकोसायटोझून आणि प्लास्मोडियम हे रक्तपरजीवी क्रौंचांमध्ये आढळतात. चिलटे, काळ्या माश्या आणि डास हे त्यांचे वाहक आहेत. हिमोप्रोटियस ॲंटिगोनिस या जातीचे नामकरण 1935 मध्ये फ्रोइलानो द मेलो यांनी केले. द मेलो (1887–1955) हे गोव्यातील बाणावलीचे. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाचे ते संचालक होते आणि भारतीय पक्ष्यांच्या रक्तातील आदिजीवांवर त्यांनी विपुल संशोधन केले. योगायोगाने क्रौंचांमधील आयमेरियाच्या दोन्ही प्रमुख जातींचे वर्णनही त्याच वर्षी झाले.

प्रौढ पक्ष्यात रक्तपरजीवी बहुधा उपद्रव देत नाहीत. फ्लोरिडातील सँडहिल क्रौंचांच्या पिल्लांमध्ये मात्र हिमोप्रोटियस बॅलिअरिकी या जातीच्या तीव्र संसर्गाबरोबर रक्तक्षय आढळला आहे.

कृमी

क्रौंच धान्याबरोबर गोगलगायी, किडे, बेडूक आणि गांडुळेही खातात. हे प्राणी अनेक कृमींचे मध्यस्थ यजमान असल्यामुळे क्रौंचाच्या शरीरात विविध कृमी पोहोचतात. सायाथोस्टोमा आणि सिंगॅमस हे श्वासनलिकेतील कृमी पिल्लांची श्वासोच्छ्वासाची वाट अडवू शकतात. अशी पिल्ले चोच उघडी ठेवून मान ताणताना दिसतात. टेट्रामेरिस ग्रुसी हा कृमी जठराच्या ग्रंथिल भागात राहतो, तर ग्रुइटीनिया हा क्रौंचांमधील पट्टकृमी आहे. यांशिवाय पर्णकृमी आणि काटेरी डोक्याचे कृमीही आढळतात.

बाह्य परजीवी

ग्रुइमेनोपॉन, एस्थिऑप्टेरम आणि हेलिओनोमस या उवा क्रौंचांच्या पिसांत राहतात. त्या पिसे आणि त्वचेचे कण खातात आणि सुदृढ पक्ष्याला फारसा त्रास देत नाहीत. आजारी पक्ष्याला चोचीने पिसे साफ करणे जमेनासे झाले की उवा वाढतात. म्हणून उवांची वाढ हे कारण नसून पुष्कळदा दुसऱ्या आजाराचे चिन्ह असते.

रक्त शोषणाऱ्या काळ्या माश्या मात्र प्रजननाचा हंगामच उधळून लावू शकतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पुन्हा वसवलेल्या व्हूपिंग क्रौंचांनी नेसीडा येथे माश्यांच्या झुंडींमुळे अंडी टाकून घरटी सोडल्याचे दिसून आले. माश्यांच्या अळ्यांवर जैविक नियंत्रण केल्यावर घरटी सोडण्याचे प्रमाण घटले. परजीवी रोगच निर्माण करतो असे नाही, तो पक्ष्याला घरट्यावरून उठवूनही पिढी बुडवू शकतो, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

महाराष्ट्रातील संदर्भ

कृष्णा आणि येरळा खोरे

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात उंब्रज येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. येथील कृष्णाकाठ बागायती असून उसाने व्यापलेला आहे. क्रौंचांना चहूकडे दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे रान आणि उथळ पाणी लागते. उंच उसाच्या पट्ट्यात त्यांना धोका दिसत नाही, म्हणून ते तेथे सहसा उतरत नाहीत. उंब्रजच्या पूर्वेस खटाव आणि माण या पर्जन्यछायेतील तालुक्यांत चित्र पालटते. ज्वारी, हरभरा आणि भुईमुगाची खुली शिवारे आणि त्यांच्यामधले उथळ तलाव हा कांड्या करकोच्यांचा आवडता हिवाळी मुलूख आहे. येरळवाडी, मायणी आणि सूर्याचीवाडी येथील तलाव पक्षिनिरीक्षकांना परिचित आहेत. मायणी परिसराला 2021 मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. येरळा नदी पुढे सांगली जिल्ह्यात जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते.

कांड्या करकोचे मंगोलिया आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशात प्रजनन करून हिमालय ओलांडून येतात. स्थलांतरात त्यांची शक्ती मोठ्या प्रमाणावर खर्च होते आणि थव्यात त्याच वर्षी जन्मलेली पिल्लेही असतात. आयमेरियाच्या दृष्टीने हीच सर्वाधिक दुर्बळ वेळ होय. दिवसा शिवारात पांगणारे पक्षी दुपारी आणि रात्री पाण्याकाठी एकत्र येतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी अनेक तलाव भरलेले असल्याने थवे विभागले जातात. अवर्षणाच्या वर्षी एखाददुसऱ्या तलावातच पाणी उरते आणि सारे पक्षी त्याच्या काठावर गोळा होतात.

तारळी, उरमोडी यांसारख्या प्रकल्पांचे पाणी पूर्वेकडील दुष्काळी भागाकडे नेण्याच्या योजनांमुळे या भागातील शेतीचे रूप बदलते आहे. दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर भोगलेल्या गावांसाठी हे पाणी अत्यावश्यक आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचे दोन परिणाम संभवतात. तलावांत पाणी टिकल्यास थव्यांना पांगण्यास वाव मिळतो. मात्र तलाव काठोकाठ भरून राहिल्यास उथळ काठ बुडतो, आणि मोकळ्या शिवारांची जागा उसाने घेतल्यास चरण्याचे रान कमी होते. उरलेल्या थोड्या रानावर मग पुन्हा दाटी होते.

विदर्भातील सारस

महाराष्ट्रातील सारस आता मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या धान उत्पादक जिल्ह्यांत उरले असून त्यांची संख्या काही डझनांवर आली आहे. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. वीजवाहिन्यांचा धक्का, कीटकनाशके, तळी-बोड्यांवरील अतिक्रमण आणि अंड्यांचा नाश हे सारसापुढील प्रमुख धोके आहेत.

सारसाची मादी पावसाळ्यात सहसा दोन अंडी घालते आणि पुष्कळदा एकच पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत पोहोचते. पिल्लाला उडता येण्यास सुमारे तीन महिने लागतात. हा सारा काळ ते ओल्या बांधावर आणि धानाच्या चिखलात चालत चरते. जोड्या आपापले क्षेत्र राखून असल्याने संसर्गाची मात्रा स्वभावतः मर्यादित राहते. मात्र जेथे पक्षीच मोजके आहेत तेथे एका पिल्लाचा मृत्यूही दखलपात्र ठरतो. मोठ्या संख्येत सहज पचून जाणारा सौम्य रोग लहान संख्येत जातीच्या अस्तित्वाचा प्रश्न बनू शकतो. म्हणून सारसाचे मेलेले पिल्लू न तपासता पुरले जाऊ नये, असे वन्यजीव रोगांच्या अभ्यासाचे सूत्र सांगते.

उपचार आणि प्रतिबंध

बंदिस्त क्रौंचांना मोनेन्सिन किंवा ॲम्प्रोलियम ही कॉक्सिडियाविरोधी औषधे पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली खाद्यातून किंवा पाण्यातून देतात. त्यामुळे परजीवींची संख्या घटते, परंतु ते समूळ नष्ट होतीलच असे नाही. पिल्लांना स्वच्छ, कोरड्या जागी ठेवणे, आवारे काही काळ रिकामी ठेवून उन्हात तापू देणे आणि पक्ष्यांची दाटी टाळणे हे उपाय औषधाइतकेच महत्त्वाचे मानले जातात.

रानटी थव्याला औषध देणे व्यवहार्य नसते. मात्रा कोणाच्या पोटात किती गेली हे कळत नाही, इतर प्राण्यांना अपाय होऊ शकतो आणि परजीवींमध्ये औषधाला न जुमानण्याची शक्ती निर्माण होते. मोनेन्सिन तर घोड्यांसाठी अत्यंत विषारी आहे. त्यामुळे रानात अधिवासाचे व्यवस्थापन हाच खरा प्रतिबंध ठरतो. एकाच मोठ्या तलावापेक्षा परिसरातील अनेक लहान तलाव राखणे, उथळ काठ मोकळे ठेवणे, गाळपेऱ्यातील शेती आणि पक्ष्यांची विश्रांतीची जागा यांत अंतर राखणे आणि पर्यटकांनी एकाच ठिकाणी दाणे टाकू नयेत याची काळजी घेणे हे त्यातील प्रमुख उपाय होत.

मृत किंवा आजारी क्रौंच आढळल्यास तो उघड्या हातांनी हाताळू नये, कारण बर्ड फ्लूची शक्यता प्रथमदर्शनी नाकारता येत नाही. महाराष्ट्रात वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ सेवेच्या 1926 या क्रमांकावर माहिती देता येते. क्रौंच हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये संरक्षित असल्यामुळे मृत पक्षी परस्पर नेणेही बेकायदेशीर ठरते. शव बर्फावर थंड ठेवतात, पण गोठवत नाहीत, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्म छेदांची तपासणी अवघड होते. सूक्ष्म छेदांसाठी इंद्रियांचे तुकडे फॉर्मालिनमध्ये ठेवले जातात. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. विदर्भासाठी नागपूरजवळ गोरेवाडा येथे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र कार्यरत आहे. बर्ड फ्लूची अंतिम खातरजमा भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

मानवी आरोग्य आणि कुक्कुटपालन

क्रौंचांमधील आयमेरियाचा संसर्ग माणसाला होत नाही. कोंबड्यांनाही तो होत नाही. त्यामुळे तलावावर उतरलेल्या करकोच्यांमुळे शेजारच्या कुक्कुटपालन शेडमध्ये कॉक्सी पसरते ही समजूत निराधार आहे. कोंबड्यांमधील रोगाचे कारण शेडमधील ओले तूस, दाटी आणि कोंबड्यांचेच आयमेरिया हे असते. याउलट बर्ड फ्लू रानपक्ष्यांकडून कोंबड्यांत आणि कोंबड्यांकडून रानपक्ष्यांत पसरू शकतो. म्हणून शेडमध्ये रानपक्ष्यांचा शिरकाव रोखणे आणि मेलेल्या कोंबड्या तलावाकाठी न टाकणे या गोष्टी दोघांच्याही हिताच्या आहेत.

हेही पहा

सारस
कांड्या करकोचा
सामान्य क्रौंच
मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र
येरळा नदी
कॉक्सिडिओसिस
बर्ड फ्लू